वाफसा पाहा, मग नळ सोडा

दुष्काळ पडला की मैदानावरचं गवत सगळ्यांत आधी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं, आणि त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं. अंतिम सामना वानखेडेऐवजी बंगळुरूला झाला. पुष्कळांना बरं वाटलं. पण सामना हलवता येतो, मैदान हलत नाही. सामना नसतानाही ते गवत पाणी पितंच, आणि आपली चर्चा मात्र सामन्यांपाशीच थांबली.

हिशेब साधा आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. पंधरा हजार चौरस मीटरच्या मैदानावर पाच मिलिमीटर सोडलं की पाऊण लाख लिटर गेलं. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या मापाने हे तेराशेहून अधिक माणसांचं एका दिवसाचं पाणी. म्हणून मैदानं उजाड ठेवा, असं एक पक्ष म्हणतो. मला ते पटत नाही. मग देवगाव रंगारीसारख्या गावच्या पोरांनी मुरमावरच गुडघे सोलून घ्यायचे, आणि हिरवळ फक्त शहरांनी ठेवायची?

दुसरा पक्ष माळ्यांचा आणि क्युरेटरांचा. "टाच रोवली की ओल कळते, ती मोजायला यंत्र कशाला?" टाचेला वरचा बोटभर थर कळतो. हरळीची मुळं त्याच्या कितीतरी खाली असतात. काळ्या जमिनीत वर पापुद्रा वाळलेला आणि खाली चिखल, हे नेहमीचंच. कन्नड तालुक्यात आलं लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही; पाणी जास्त झालं की कंद सडतो, हे त्याने पैसे मोजून शिकलेलं असतं. तो खुरप्याने माती उकरतो, मुठीत दाबतो, वाफसा पाहतो आणि मगच ठिबक सोडतो. खेळाचं मैदान रोज कोण उकरू देईल? तिथे जमिनीत पुरलेला सेन्सर ती मूठ होतो.

त्यात जादू नाही. टेन्शिओमीटर म्हणजे पाण्याने भरलेली नळी, खाली सच्छिद्र चिनीमातीचं टोक, वर काटा. माती वाळू लागली की नळीतलं पाणी ओढते, काटा चढतो. त्याला वीजही लागत नाही. विजेवरचे सेन्सर मातीचा परावैद्युतांक मोजतात: पाण्याचा सुमारे ८०, कोरड्या मातीचा तीन ते पाच, त्यामुळे ओल लगेच कळते. उन्हाच्या आणि सावलीच्या जागी, दोन-दोन खोलींवर बसवले तरी गावच्या मैदानाचं काम भागतं.

यावरचा खरा आक्षेप मात्र विक्रेते सांगत नाहीत. काळी माती वाळली की फाटते, सेन्सरभोवती भेग पडते आणि आकडा खोटा येतो. क्षारानेही विजेवरचा सेन्सर फसतो. कारखान्यात ठरवलेलं माप आपल्या जमिनीला चालेलच असं नाही. उपाय आहे: त्याच मैदानाची माती तोलायची, भट्टीत वाळवायची, पुन्हा तोलायची आणि सेन्सरचा आकडा त्याच्याशी ताडून घ्यायचा. जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे आपली 'वाल्मी', कन्नडच्याच जिल्ह्यात, कांचनवाडीला आहे. तिने हे काम अंगावर घ्यावं.

त्याहून अवघड आक्षेप वाचलेल्या पाण्याचा. ठिबक आलं तेव्हा वाचलेल्या पाण्यावर अनेकांनी ऊसच वाढवला. मैदानावरही तेच होईल: वाचलं म्हणून आणखी एक लॉन. हे मी नाकारत नाही. सेन्सर फक्त ओल सांगतो, व्हॉल्व्ह माणूस फिरवतो. म्हणून यंत्राआधी नियम हवा. वर्षाचं पाणी आधी ठरवा, मीटर लावा, आणि किती पाणी सोडलं ते मैदानाच्या फाटकावर रोज खडूने लिहा. उन्हाळ्यात गवत पिवळं पडू द्या. शेतात खणून काढली तरी मरत नाही ती हरळी. पावसाच्या दोन सरींत ती पुन्हा उठते. बारमाही हिरव्या रंगाचा हट्ट हाच मोठा पाणीचोर आहे.

आणि तालुक्यात टँकर फिरत असतील, तर पिण्याचं पाणी मैदानावर नको; सेन्सरचा काटा कितीही चढला तरी नको. तेव्हा फक्त शुद्ध केलेलं सांडपाणी. तेही नसेल तर गवताने पावसाची वाट पाहावी.