झाडाखाली लोकेशन येत नाही

कोडगूतल्या एका कॉफीच्या मळ्यात फणसाच्या झाडाखाली मी अकरा मिनिटं फोन वर धरून उभी होते. स्क्रीनवरचा निळा ठिपका कधी ओढ्यात जायचा, कधी शेजाऱ्याच्या मळ्यात. अचूकता : १४ मीटर. ॲपला ५ मीटरच्या आतला आकडा हवा होता, त्याशिवाय ‘सेव्ह’चं बटण उजळत नव्हतं. मळ्याचे मालक, सत्तरी ओलांडलेले अज्जा, कमरेवर हात ठेवून बघत होते. शेवटी म्हणाले, “झाड तोडलं तर येईल का गं?”

ते गंमत करत होते. मीही हसले. रात्री खोलीवर गेल्यावर मात्र लक्षात आलं, की त्यांच्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘हो’ आहे.

मी बेळगावची. कन्नड येतं म्हणून हे काम मिळालं. एका निर्यातदारासाठी माहिती गोळा करणाऱ्या एजन्सीनं आम्हा सातजणांना करारावर घेतलं होतं. मळ्यात जायचं, मालकाचं नाव, जमिनीचा कागद आणि अक्षांश-रेखांश ॲपमध्ये भरायचे. दर मळ्यामागे पैसे. कशासाठी, ते अर्ध्या तासाच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये एका वाक्यात सांगितलं होतं : “युरोपवाल्यांना पाहिजे.”

त्यांना नेमकं काय पाहिजे, ते मी नंतर स्वतः वाचलं. युरोपीय संघानं २०२३ मध्ये एक कायदा केला. गुरं, कोको, कॉफी, पाम तेल, रबर, सोयाबीन आणि लाकूड या सात गोष्टी, आणि त्यांच्यापासून बनणारा बराचसा माल, म्हणजे चॉकलेट, चामडं, टायर, फर्निचर वगैरे. हे युरोपात विकायचं असेल तर ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जंगलाच्या जागेवर ते पिकलेलं नाही, असं आयातदारानं ऑनलाइन जाहीर करायचं. त्यासाठी युरोपीय आयोगाची एक माहिती प्रणाली आहे. तिच्यात निवेदन भरायचं आणि माल जिथे जिथे पिकला त्या प्रत्येक तुकड्याचं लोकेशन जोडायचं. चार हेक्टरांपर्यंत एक बिंदू चालतो, त्याहून मोठ्या जमिनीची पूर्ण हद्द आखून द्यावी लागते. मग एक क्रमांक मिळतो, आणि तो दाखवला की माल कस्टममधून पुढे सरकतो. नियम मोडणाऱ्या कंपन्यांसाठी दंडाची कमाल मर्यादा त्यांच्या युरोपातल्या वार्षिक उलाढालीच्या किमान ४ टक्के असावी, असंही सदस्य देशांना बजावलंय.

मी या कायद्याच्या हेतूविरुद्ध नाही, हे आधीच सांगते. नाहीतर तुम्ही मला भलत्याच लोकांच्या रांगेत उभं कराल. १९९० ते २०२० या तीस वर्षांत जगातलं सुमारे ४२ कोटी हेक्टर जंगल गेलं. त्यातलं बरंच कुणाच्या तरी नाश्त्यासाठी गेलं. खाणाऱ्यानं ‘हे कुठून आलं?’ असं विचारावं, यात गैर काहीच नाही. माझं भांडण पुढे आहे. ही प्रणाली ज्याला ‘जंगलतोडमुक्त’ म्हणते, ते काय आहे?

आधी ते बिंदू बघू. कायद्याला दशांश चिन्हानंतर सहा आकडे हवेत. सहावा आकडा म्हणजे जमिनीवर साधारण अकरा सेंटिमीटर, माझ्या वितीपेक्षा कमी. दाट सावलीत माझ्या फोनची चूक होती दहा-पंधरा मीटरची. मग आम्ही काय करायचो? रस्त्यावर यायचो, आभाळ मोकळं दिसेल तिथे बटण दाबायचो आणि पुढच्या मळ्याकडे निघायचो. दर मळ्यामागे पैसे असल्यावर दुसरं काय होणार? मी भरलेल्या कितीतरी मळ्यांचे बिंदू आज डांबरी रस्त्यावर आहेत. अकरा सेंटिमीटरच्या अचूकतेनं.

हा माझा खोटेपणा, आणि तो मी कबूल करते. पण याहून मोठी चूक बिंदूत नाही, नकाशात आहे. कोडगूतली कॉफी सावलीत वाढते. वर फणस, वड-उंबराच्या जातीची झाडं, शिसव, सिल्व्हर ओक, त्यांच्या खोडांवर चढलेली मिरी, आणि खाली कॉफी. उपग्रहाला वरून पानं दिसतात, त्यांच्याखालचं पीक दिसत नाही. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्रानं २०२० साली जगात कुठे जंगल होतं याचा, दहा मीटरच्या चौकटींचा नकाशा तयार केलाय. तो बंधनकारक नाही, असं आयोगच म्हणतो. तरी आमच्या एजन्सीची पहिली चाळणी तोच नकाशा होता. सावलीतले कॉफीचे मळे त्यात बिनदिक्कत जंगल म्हणून रंगलेले सापडतात. २०२० साली जंगल आणि आज कॉफी? लाल खूण. मग अज्जांनी जुने फोटो, जुन्या पावत्या, जुने कागद शोधायचे. आणि कोडगूत जुने कागद म्हणजे वेगळंच प्रकरण. तिथल्या जम्मा जमिनींच्या नोंदी घराण्याच्या पट्टेदाराच्या नावावर असतात. तो वारून पिढ्या उलटलेल्या असू शकतात, कसणारे वेगळे असतात. ॲपमध्ये ‘मालकाचं नाव’ या रकान्याला एकच ओळ होती.

ज्यानं फार पूर्वीच सावली उतरवून मळा उघडा केला, त्याचा बिंदू मात्र पहिल्या फटक्यात हिरवा.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, तंत्रज्ञान आहे, सुधारेल. सुधारेलही. म्हणून आता माझ्या आजोळची गोष्ट.

आजोळ दोडामार्ग तालुक्यात, तिळारीच्या खोऱ्यात. मामाच्या घरामागे डोंगर होता. तो सरकारी राखीव नव्हता, खाजगी मालकीचाच, पण आत शिरलं की दुपारी बारालाही संध्याकाळ वाटायची. मी आठ-नऊ वर्षांची असताना एका मे महिन्यात गेले तर डोंगर लाल होता. जेसीबीनं आडवे पाट खोदले होते, ओंडक्यांचे ढीग लागले होते, आणि बाकीचं जळत होतं. पुढच्या पावसाळ्यात रबराची रोपं लागली. लावणारे बाहेरून आले होते, विकणारे आमचेच होते. माझ्या नात्यातलेही होते, त्यामुळे केरळवाल्यांना शिव्या देऊन मला सुटता येत नाही. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीला मुंबई उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये बंदी घातली. आमचा डोंगर तोवर संपला होता.

गेल्या जानेवारीत तिकडे गेले तेव्हा काम सुटलेलं होतं, पण सवय सुटलेली नव्हती. रबराच्या ओळींमध्ये उभं राहून फोन काढला. रबराची पानगळ थंडीत होते. डोक्यावर नुसत्या फांद्या आणि स्वच्छ आभाळ. ठिपका जागचा हलला नाही. अचूकता : ४ मीटर. दहा सेकंदांत काम झालं.

आणि त्या कायद्याच्या लेखी हा डोंगर निर्दोष आहे. जंगल २०२० च्या आधी गेलं ना? मग तिथल्या चिकाचा टायर झाला आणि तो टायर युरोपात गेला, तर निवेदनात हा बिंदू ‘जंगलतोडमुक्त’ म्हणून बसेल. खोटं न बोलता. ज्यानं झाडं राखली तो पुराव्याच्या शोधात, आणि ज्यानं तोडली त्याचा पुरावा दहा सेकंदांत तयार. मुदतीच्या आत तोडली, एवढंच त्याचं पुण्य.

रेघ कुठेतरी मारावीच लागते, हे मला कळतं. शंभर वर्षं मागे गेलो तर कुणीच सुटणार नाही, आणि युरोप तर नाहीच नाही. मग प्रामाणिक शब्द वापरा. ‘२०२० नंतर न तोडलेलं’ म्हणा. पाकिटावर ते इतकं छान दिसणार नाही, याला माझा इलाज नाही. शिवाय यादी सातच गोष्टींची आहे. कोकणात ज्याच्यासाठी डोंगर बोडके होतात तो काजू तिच्यात नाही. ब्राझीलमधल्या सेराडोच्या माळरानांचा बराचसा भाग ‘जंगल’ या व्याख्येत बसतच नाही, त्यामुळे तिथे नांगर फिरवून लावलेलं सोयाबीनही स्वच्छ.

त्या निवेदनाची भाषा तर बघाच. आयातदार लिहून देतो, की त्यानं योग्य ती तपासणी केली आणि जोखीम आढळली नाही किंवा नगण्य आढळली. कुणाला जोखीम? वाक्य वाचताना जंगल डोळ्यांसमोर येतं, पण ते आयातदाराच्या दंडाबद्दल आहे. झाडाला जोखीम नगण्य आहे, असं कुणीच कुठे लिहून देत नाही.

आता आपल्या घरचे शहाणे. भारतानं जागतिक व्यापार संघटनेत या कायद्यावर आक्षेप नोंदवले, व्यापारातला अडथळा म्हणून. मे २०२५ मध्ये आयोगानं देशांची वर्गवारी जाहीर केली आणि भारत ‘कमी जोखीम’ गटात आला. लगेच आनंदीआनंद. कमी जोखमीच्या देशातून माल आणताना आयातदारानं माहिती आणि कागद गोळा करायचे, पण एरवी जोखमीचं मूल्यमापन करायची गरज नाही. युरोपातल्या यंत्रणांनी वर्षाला अशा १ टक्का आयातदारांना तपासलं तरी पुरे. म्हणजे अज्जांच्या घरी माझ्यासारखी मुलगी जाणारच, कागद मागणारच. सूट मिळाली ती ते कागद तपासणाऱ्याला. यात आपण नेमके कशाबद्दल पेढे वाटले?

अडथळा म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते : युरोपनं उद्या हा कायदा रद्द केला, तर दोडामार्गात एक झाड वाचेल का? आपल्याकडे तुम्ही जी कोल्ड कॉफी पिता, जी चप्पल घालता, ज्या टायरवर फिरता, त्याचा डोंगर कुठला हे कुणी विचारत नाही. त्यामुळे प्रणाली आली की मालाचे दोन ढीग होतात. स्वच्छ बिंदूंचा ढीग इटलीला, म्हणजे आपल्या कॉफीच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडे, आणि उरलेला ज्याला फरक पडत नाही त्याला. फरक न पडणारे आपण आहोत. जंगल दोन्ही ढिगांखाली सारखंच आहे.

आणि ज्या प्रणालीनं अज्जांकडून सहा आकडे मागितले, तिचं काय झालं? ३० डिसेंबर २०२४ ची अंमलबजावणी आधी वर्षभर पुढे गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगानं सांगितलं, की प्रणालीवर अंदाजापेक्षा फार जास्त भार येणार, ती पेलणार नाही. डिसेंबर २०२५ मध्ये तारीख पुन्हा ढकलली : मोठ्या आणि मध्यम कंपन्यांना ३० डिसेंबर २०२६, लहानांना ३० जून २०२७. सर्व्हरला मुदतवाढ मिळाली. आमचं काम मात्र त्या सप्टेंबरातच एका व्हॉट्सॲप मेसेजवर थांबलं होतं, शेवटच्या तीन आठवड्यांचे पैसे अजून यायचेत. ते असो. शेतकऱ्याला काय मिळालं? ज्यांच्याकडे गेले त्यांतल्या एकानंही बिंदू दिला म्हणून किलोमागे रुपया जास्त मिळाल्याचं सांगितलं नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. तुम्ही सात-बारा काढता, तो तुमच्या हातात पडतो. मळ्याचे अक्षांश-रेखांश, हद्द, २०२० सालचं चित्र, तपासणीचा निकाल, हे सगळं ज्याच्या जमिनीचं आहे त्याच्या हातात त्याच्या भाषेत पडलं पाहिजे. चुकलं असेल तर त्याला हरकत घेता आली पाहिजे, आणि एका व्यापाऱ्याला दिलेला तोच पुरावा दुसऱ्यालाही दाखवता आला पाहिजे. आज प्रणालीत लॉगिन आहे ते कंपन्यांचं. ज्यानं झाड राखलं त्याच्याकडे क्रमांक नाही, पावती नाही, काही नाही.

त्या दिवशी फणसाखालून बाहेर येऊन, अंगणात तुळशीजवळ, एकदाचा ठिपका स्थिरावला. अज्जांनी विचारलं, “याची एक प्रत मला?” ॲपमध्ये तसं बटण नव्हतं, आणि करारात लिहिलं होतं की माहिती कुणाला द्यायची नाही. त्यांची सून आतून भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन आली. मी त्या दिवसाच्या चौकोनात दोन्ही आकडे लिहिले, सहाही दशांश स्थळांसकट. चौकोन पुरला नाही, शेवटचे दोन अंक दुसऱ्या दिवसात गेले.