विश्लेषण : कॅम्पिंगला गेल्यावर रात्री शेगडी, गॅस आणि भांडी कुठे ठेवायची?

थंडी पडली की शुक्रवार संध्याकाळपासून पवना आणि भंडारदऱ्याच्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. तंबू, बार्बेक्यू, गाणी असा कार्यक्रम ठरलेला असतो. जेवण आटोपल्यावर शेगडी, गॅस आणि खरकट्या भांड्यांचे काय करायचे, हे मात्र बहुतेकदा कोणीच ठरवलेले नसते. मग दव पडते म्हणून किंवा चोरीच्या भीतीने सगळे सामान तंबूत ओढले जाते. ही सवय जिवावर बेतू शकते.

शेगडी तंबूत का नको?

धूर थांबला म्हणजे निखारे विझले, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात राखेखाली ते बराच वेळ धुमसत राहतात आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. या वायूला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गरगरणे ही सुरुवातीची लक्षणे झोपलेल्या माणसाला कळतही नाहीत. तंबूची चेन थोडी उघडी ठेवली की धोका टळतो, असे समजू नये.

निखाऱ्यांवर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता. धग पूर्ण गेल्यावरच झोपायला जा. उबेसाठी जादा पांघरूण किंवा गरम पाण्याची बाटली पुरते. कोणाला त्रास जाणवलाच तर त्याला लगेच मोकळ्या हवेत आणा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

गॅस बंद असला तरी बाहेरच?

हो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. ब्युटेन तर जवळपास दुप्पट जड. गळती झाली तर तो तंबूच्या तळाशी, म्हणजे नेमका आपण झोपतो त्या पातळीवर साचतो. मग एक काडी किंवा लायटरची ठिणगी पुरेशी होते. म्हणून स्टोव्ह गार झाल्यावर कॅन वेगळा करा. ५ किलोचा छोटा सिलिंडर असेल तर रेग्युलेटर काढून टोपण लावा. दोन्ही तंबूपासून दूर, आडोशाला आणि उभे ठेवा. हिमालयात कडाक्याच्या थंडीत ब्युटेनचा कॅन नीट पेटत नाही, म्हणून काही जण तो उबेला जवळ घेऊन झोपतात. सह्याद्रीत तशी थंडी पडत नाही. त्यामुळे इथे ती सबबही नाही.

खरकट्याने काय होते?

वासाने उंदीर आणि कुत्री येतात. उंदरांमागे साप येतो. अकोले, जुन्नरसारख्या भागात कुत्र्यांमागे बिबट्याही येऊ शकतो. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, त्यामुळे रात्री उघडी राहिलेली भांडी सकाळी धुतल्याशिवाय वापरू नयेत.

उरलेले अन्न घट्ट झाकणाच्या डब्यात भरून गाडीत ठेवा. भांडी राखेने घासून, विसळून उपडी घाला. सुरी, सळया कापडात गुंडाळून एका पिशवीत ठेवा, म्हणजे अंधारात कोणाच्या पायाला लागणार नाहीत. हे काम तलावाच्या काठावर करू नका. पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात. पाणी बादलीत आणून काठापासून लांब भांडी धुवा.

जबाबदारी कोणाची?

अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात अस्वलांमुळे अन्न आणि वासाच्या वस्तू लोखंडी पेटीत ठेवणे बंधनकारक आहे. आपल्याकडे अस्वलांचा प्रश्न नसला तरी नियमाची गरज तेवढीच आहे. माझ्या मते, पैसे घेऊन तंबू देणाऱ्या प्रत्येक कॅम्पचालकाने तीन गोष्टी केल्याच पाहिजेत : तंबूंपासून दूर स्वयंपाकाची एकच सामाईक जागा, तिथे कुलूप लावता येईल अशी पेटी आणि झोपण्यापूर्वी प्रत्येक शेगडी विझवणारा एक जबाबदार माणूस. यासाठी फार मोठा खर्च येत नाही.

आपणही बुकिंग करताना बार्बेक्यूला किती पैसे, एवढेच विचारतो. रात्री शेगडी कोण विझवते आणि कुठे ठेवते, हेही विचारा. समोरच्याकडे उत्तर नसेल, तर दुसरा कॅम्प बघा.