आवाज कुणाचा?

नाचाच्या गाण्यांसाठी पुष्कळदा पाहुणी गायिका बोलावतात. अमेरिकेची मार्था वॉश अशीच. इटलीच्या ‘ब्लॅक बॉक्स’च्या १९९० सालच्या ‘ड्रीमलँड’मधली बहुतेक गाणी तिनं गायली, पण व्हिडिओत सडपातळ मॉडेल, आणि मार्थाचं नाव कुठ्ठेच नाही! आपल्या सिनेमातही नटी नुसते ओठ हलवते, पण पार्श्वगायिकेचं नाव छापतात ना?

त्याच वर्षी ‘गॉना मेक यू स्वेट’ आलं आणि तुफान गाजलं. तिथंही दणदणीत आवाज मार्थाचा, चेहरा दुसरीचा. जाड बाई पडद्यावर नको, असं मार्थाला वाटलं ते कारण! ती थेट कोर्टात गेली. कंपन्यांना तडजोड करावी लागली. १९९३ साली तिच्या नावाचा आल्बम निघाला. पुढं त्या व्हिडिओवरही पाटी आली : आवाज मार्था वॉशचा.