विद्यापीठांतील एकखांबी तंबू

आषाढी पौर्णिमेला शाळा-महाविद्यालयांतून गुरुपूजनाचे कार्यक्रम होतात. भाषणे होतात, पुष्पगुच्छ दिले जातात आणि दुसऱ्या दिवशी सारे पूर्ववत सुरू होते. याच सुमारास नव्या शैक्षणिक वर्षाची घडी बसत असते आणि विद्यापीठांच्या विभागांत तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या मुलाखती चाललेल्या असतात. एकीकडे गुरूचा गौरव आणि दुसरीकडे तासाच्या हिशेबाने गुरूची नेमणूक, या विसंगतीकडे आता डोळेझाक करून चालणार नाही.

विद्यापीठातील एखादा विभाग नावारूपाला येतो तो कुणामुळे? आपले उत्तर ठरलेले असते. आपण एका थोर प्राध्यापकाचे नाव घेतो आणि थांबतो. हे उत्तर चुकीचे नाही, पण अर्धे आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील पुरातत्त्व विभागाचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे.

१९३९ मध्ये हे महाविद्यालय पदव्युत्तर संशोधनसंस्था म्हणून नव्याने सुरू झाले आणि हसमुख धीरजलाल सांकलिया तेथे रुजू झाले. महाराष्ट्राच्या प्रागितिहासाचे दालन ज्यांनी उघडले, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. परंतु सांकलियांनी एकट्याने कुदळ मारली नाही. १९४० च्या दशकात गुजरातेतील लांघणज येथे काम चालू असताना मानवी सांगाड्यांच्या अभ्यासासाठी त्याच संस्थेतील इरावती कर्वे त्यांच्यासोबत होत्या. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेथील उत्खननाचा अहवाल १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर सांकलियांच्या नावाबरोबर शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी या सहकाऱ्यांची नावे आहेत. नदीकाठच्या थरांचा आणि प्राचीन हवामानाचा शोध घेणारे राजगुरूंसारखे अभ्यासक याच वातावरणात घडले. प्रत्येकाचे क्षेत्र वेगळे, प्रत्येकाचा अधिकार स्वतंत्र आणि दिशा मात्र एक.

खरी कसोटी पुढेच लागली. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी असलेल्या इनामगावचे उत्खनन १९६८ मध्ये सुरू झाले. सांकलिया १९७३ मध्ये निवृत्त झाले. प्रमुख गेला म्हणून काम थांबले का? नाही. ते पुढे जवळजवळ दहा वर्षे चालले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीची घरे, धान्य आणि दफने यांचा तपशील त्यातून हाती आला. त्याचा अहवाल १९८८ मध्ये निघाला, तेव्हा त्यावर पहिले नाव म. के. ढवळीकर यांचे होते. सांकलियांचे नाव त्यानंतर आले. आपल्यामागे काम चालेल अशी व्यवस्था करणे आणि कनिष्ठ सहकाऱ्याचे नाव आपल्या नावाआधी आलेले पाहणे, यापरते विभागप्रमुखाचे यश कोणते?

मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाची कथाही हेच सांगते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने स्थापलेल्या या विभागाची धुरा १९३८ मध्ये के. वेंकटरामन यांच्याकडे आली आणि त्यांनी ती १९५७ पर्यंत वाहिली. पुढे १९६४ मध्ये मनमोहन शर्मा हे अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी तेथे प्राध्यापक झाले. तरुणाला एवढी मोठी जागा देण्यासाठी ज्येष्ठांचे मनही तेवढेच मोठे लागते. शर्मांचे विद्यार्थी ज्येष्ठराज जोशी पुढे त्याच संस्थेचे संचालक झाले. अशी परंपरा शासकीय परिपत्रकातून निर्माण होत नाही.

आज चित्र कसे आहे? अनेक विद्यापीठांत विभागप्रमुखपद ठरावीक काळाने फिरते. एकाच व्यक्तीची मक्तेदारी होऊ नये, हा त्यामागचा हेतू स्तुत्यच आहे. पण प्रत्यक्षात प्रमुखाचा बहुतेक वेळ अहवाल, मूल्यांकनाचे तक्ते आणि बैठका यांत जातो. त्याच्यामागे उभे राहायचे ते सहयोगी व साहाय्यक प्राध्यापक निवृत्त होतात, त्यांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त राहतात आणि त्या भरल्या जातात त्या तासिकेवर. कंत्राटी अध्यापकांचे प्रमाण एकूण पदांच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या विनियमांत सांगितले. २०१९ मध्ये अतिथी अध्यापकाला एका व्याख्यानाचे दीड हजार आणि महिन्याला जास्तीत जास्त पन्नास हजार रुपये, असा दर आयोगानेच ठरवला. कागदावरची ही मर्यादा आणि हा दर प्रत्यक्षात किती ठिकाणी दिसतो, हे सेट-नेट आणि पीएच.डी. होऊनही वर्षाला नवा अर्ज भरणाऱ्या तरुणांना विचारावे.

प्रश्न केवळ वेतनाचा नाही. ज्याला तासाचे पैसे मिळतात, त्याने तास संपल्यावर ग्रंथालयात विद्यार्थ्याला संदर्भ का शोधून द्यावा? पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने पंधरा वर्षे चालणाऱ्या उत्खननाचा संकल्प कसा करावा? तो तरुण आळशी नाही. आपण त्याला मुळे धरू देत नाही.

दोष केवळ शासनाचा आहे असेही नाही. सहकाऱ्याच्या संशोधनावर स्वतःचे नाव घालणारे, होतकरू अध्यापकाला परीक्षेच्या आणि समारंभांच्या कामांना जुंपणारे, आपल्यापेक्षा वरचढ माणूस निवडला जाऊ नये याची दक्षता घेणारे ज्येष्ठ आपल्या विद्यापीठांत नाहीत काय? त्यांनीही आत्मपरीक्षण केले पाहिजे. ज्यांनी चार माणसे बरोबर घेऊन एखादे काम उभे केले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको. एकखांबी तंबू वाऱ्याच्या पहिल्या झोतात कोसळतो.

उपाय अवघड नाहीत, इच्छाशक्ती मात्र हवी. निवृत्तीची तारीख वर्षानुवर्षे आधी ठाऊक असते, मग नव्या नेमणुकीची प्रक्रिया आधीच पूर्ण का होऊ नये? जुना आणि नवा अध्यापक काही महिने एकत्र काम करतील, तरच विद्या हातातून हातात जाईल. प्रमुखाचे मूल्यमापन करताना त्याचे स्वतःचे शोधनिबंध मोजतो, तसेच त्याच्या हाताखाली कोण घडले हेही विचारले पाहिजे. पालकांनीही प्रवेश घेताना इमारतीची उंची न पाहता विभागात कायम अध्यापक किती आहेत, एवढे तरी विचारावे.

गुरूच्या चरणी फूल वाहणे सोपे आहे. त्याची जागा रिकामी राहू न देणे, ही खरी गुरुदक्षिणा. ती देण्याची जबाबदारी शासनाची आहे, विद्यापीठांची आहे आणि आपल्या मुलांना तेथे पाठवणाऱ्या समाजाचीही आहे.