परक्या देशाचा गणवेश

सोलापूरच्या होम मैदानावर पहाटेच्या अंधारात धावणारे तरुण ही आता शहराच्या नित्य परिचयाची गोष्ट झाली आहे. मुलांसाठी सोळाशे मीटर, मुलींसाठी आठशे मीटर, मग शंभर मीटरची धाव आणि गोळाफेक, एवढ्या परीक्षेभोवती त्यांची उमेदीची दोन-तीन वर्षे फिरत असतात. यांपैकी काहींच्या मनात अलीकडे एक नवा विचार डोकावू लागला आहे. येथे भरतीची वाट पाहत वय घालविण्यापेक्षा कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा इंग्लंड गाठावे आणि तेथील पोलीस दलात शिरावे, असा तो विचार होय. संगणकाचे शिक्षण घेतलेला शेजारचा मुलगा पुण्याहून थेट परदेशी जातो, परिचारिका झालेल्या मुली आखाती देशांत नोकरी मिळवितात, मग पोलीस होऊ इच्छिणाऱ्याने तरी का जाऊ नये, हा प्रश्न वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु तो बिनतोड नाही. का नाही, हे या तरुणांना वेळीच समजावून सांगणे ही त्यांच्या शिक्षकांची आणि वडीलधाऱ्यांची जबाबदारी आहे.

या विचारामागील अगतिकता मात्र प्रथम समजून घेतली पाहिजे. २०२४ च्या भरतीत महाराष्ट्र पोलीस दलातील १७,४७१ जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे सुमारे शंभर उमेदवार उभे होते. शिपाईपदासाठी बारावी उत्तीर्ण एवढीच शिक्षणाची अट असताना अर्जदारांमध्ये अभियंते आणि पदव्युत्तर शिक्षण घेतलेले तरुणही होते. खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा २८ वर्षांची. एखादी भरती वर्ष-दीड वर्ष लांबली, तर कित्येकांचा हक्क कोणतीही परीक्षा न देताच संपतो. ज्या शहरातील जुन्या कापडगिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि जेथे असंख्य घरे आजही यंत्रमागाच्या किंवा विडीच्या मजुरीवर चालतात, त्या शहरात सरकारी गणवेशाचा अर्थ केवळ पगार एवढाच नसतो. घराण्याला प्रथमच लाभणारी ती प्रतिष्ठा असते. याच शहरात जन्मलेले आणि येथील न्यायालयात शिपायाची नोकरी केलेले सुशीलकुमार शिंदे १९६५ मध्ये पोलीस उपनिरीक्षक झाले आणि पुढे २०१२ मध्ये देशाचे गृहमंत्री झाले. गणवेश माणसाला कोठवर नेऊ शकतो, याचा असा दाखला ज्या गावाच्या डोळ्यांसमोर आहे, तेथील तरुणांना पोलीस व्हावेसे वाटले तर त्यात नवल नाही.

तसेच परदेशी जाणेही सोलापूरला नवे नाही. येथेच १९१० मध्ये जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनमध्ये गेले. तेथील भाषा ते शिकले, तेथेच त्यांनी विवाह केला आणि १९४२ मध्ये तेथेच त्यांचा देह पडला. पण वैद्याची विद्या आणि पोलिसाचा अधिकार यांत एक मूलभूत भेद आहे. जखम कोणत्याही देशात सारखीच असते आणि ती बांधणाऱ्याचे पारपत्र रुग्ण विचारीत नाही. पोलिसाचे तसे नाही. त्याच्या हाती राज्यसंस्थेने स्वतःची एक शक्ती दिलेली असते. माणसाला अडविण्याची, त्याची झडती घेण्याची, त्याला अटक करण्याची आणि प्रसंगी त्याच्यावर शस्त्र चालविण्याची ती शक्ती आहे. कोणताही देश ती नुकत्याच आलेल्या पाहुण्याच्या हाती सोपवीत नाही.

निरनिराळ्या देशांचे नियम पाहिले की हे स्पष्ट होते. इंग्लंडमध्ये पोलीस शिपाई होण्यासाठी परदेशी नागरिकाजवळ कोणत्याही निर्बंधाविना तेथे राहण्याचा हक्क असावा लागतो. विद्यार्थी म्हणून किंवा ठरावीक मुदतीच्या नोकरीसाठी मिळालेला परवाना त्यासाठी चालत नाही. कॅनडाच्या संघीय पोलीस दलात त्या देशाचा नागरिक किंवा कायम रहिवासी यांनाच अर्ज करता येतो. न्यूझीलंडमध्येही नागरिकत्व किंवा रहिवासाचा परवाना लागतो. अमेरिकेच्या संघीय तपास संस्थेला नागरिकत्वाखेरीज दुसरे काही चालत नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी २०२३ पासून नागरिकत्वाची अट शिथिल केली, पण कायद्याने काम करण्याचा परवाना हाती असलेल्यांसाठीच. पश्चिम ऑस्ट्रेलियाने परदेशांतून पोलीस आणण्याची मोहीम काढली, तेव्हाही तिचा रोख ब्रिटन-आयर्लंडसारख्या देशांतील अनुभवी पोलिसांवर होता, नवशिक्या उमेदवारांवर नव्हता. याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. आपल्या भारतीय पोलीस सेवेतही भारताच्या नागरिकालाच प्रवेश आहे.

ज्यांनी परक्या भूमीवर हा गणवेश मिळविला, त्यांचे आयुष्यही हेच सांगते. झांजीबारमध्ये शीख कुटुंबात जन्मलेल्या कर्पाल कौर संधू १९६२ मध्ये इंग्लंडला गेल्या. प्रथम त्यांनी परिचारिकेचे काम केले आणि १९७१ मध्ये त्या लंडनच्या पोलीस दलात दाखल झाल्या. ब्रिटनमधील त्या पहिल्या आशियाई महिला पोलीस होत. कॅनडाच्या संघीय दलात पगडी घालून काम करण्याचा हक्क ज्यांच्यामुळे १९९० मध्ये मान्य झाला, ते बलतेजसिंग धिल्लन १९८३ मध्ये त्या देशात आले होते. दोघांच्याही आगमनात आणि गणवेशात काही वर्षांचे अंतर आहे. त्या काळात ते त्या समाजाचे झाले. तेथे राहिले, तेथील माणसांत मिसळले आणि मगच त्या समाजाचे रक्षक झाले. पोलीस होण्यासाठी ते परदेशी गेले असे म्हणण्यापेक्षा, तेथलेच झाल्यावर ते पोलीस झाले असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

हा क्रम उलटा का चालत नाही, हे सोलापूरच्या माणसाला दूरचे उदाहरण न घेताही समजू शकेल. या शहरात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चार बोलींचा व्यवहार रोज चालतो. पूर्व भागातील पद्मशाली समाजाच्या वस्तीत भांडण झाले, तर कोणत्या ज्येष्ठाला मध्ये घालावे, सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक निघाली म्हणजे गर्दी कोठे दाटते, या गोष्टी कायद्याच्या पुस्तकात लिहिलेल्या नसतात. विदर्भातून बदलून आलेल्या अधिकाऱ्यालाही त्या उमगण्यास काही महिने लागतात. मग सोलापूरच्या तरुणाने मेलबर्नच्या किंवा टोरांटोच्या गल्लीत पहिल्याच वर्षी शांतता राखावी, ही अपेक्षा कशी करता येईल?

परक्यांनी परक्यांवर पहारा करावा, अशी पोलिसी व्यवस्थाही जगात होऊन गेली आहे. साम्राज्यशाहीने ती जाणीवपूर्वक उभी केली. हाँगकाँग, सिंगापूर आणि शांघाय येथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंजाबातून शीख शिपाई नेण्यात आले. स्थानिक जनतेशी त्यांचे नाते नव्हते, हीच त्यांची पात्रता मानली गेली. परदेशी पोलीस होणाऱ्या भारतीयांचा तो पहिला मोठा प्रवाह होय. त्या शिपायांचे धैर्य आणि शिस्त वादातीत होती, पण ज्या सत्तेसाठी ते उभे होते ती जनतेची नव्हती. इकडे भारतात वरिष्ठ पोलीस अधिकारी होण्यासाठी १८९३ पासून लंडनमध्ये परीक्षा होऊ लागली आणि ती देऊन कित्येक इंग्रज तरुण या देशात नोकरीला आले. त्यांचीही परदेशातील पोलिसी कारकीर्दच होती.

तिचा शेवट कसा होतो, हे सोलापूरने १९३० मध्ये पाहिले. गांधीजींच्या अटकेनंतर मे महिन्यात येथे जनक्षोभ उसळला, गोळीबार झाला, मंगळवार पेठेतील पोलीस चौकी जाळण्यात आली आणि पोलिसांचे बळी गेले. काही दिवस परकीय सत्ता शहरातून जणू नाहीशी झाली होती. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. या इतिहासातील एक कटू गोष्ट सहसा बोलली जात नाही. चौकीतले शिपाई याच मातीतले होते, पण गणवेश परक्या सत्तेचा असल्यामुळे त्या दिवशी शहराला ते आपले वाटले नाहीत. पोलिसाची खरी ताकद लाठीत नसून लोकांच्या संमतीत असते, हा धडा या शहराने फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. आजच्या लोकशाही देशांनी नागरिकत्वाच्या किंवा दीर्घ वास्तव्याच्या ज्या अटी घातल्या आहेत, त्यांच्या मुळाशी हेच तत्त्व आहे.

तेव्हा परदेशी पोलीस होण्याचा निर्णय हा नोकरीचा निर्णय नाही, देश बदलण्याचा निर्णय आहे. भारतीय राज्यघटनेचे नववे कलम आणि १९५५ चा नागरिकत्व कायदा दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे संपते. २००५ पासून परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंदणीची जी सोय झाली, तिच्यात येण्या-जाण्याची आणि राहण्याची मोकळीक आहे, पण मतदानाचा हक्क नाही आणि सरकारी नोकरीचाही नाही. तेथे जमले नाही तर परत येऊन येथल्या भरतीत उतरू, असा हिशेब ज्यांच्या मनात असेल, त्यांनी हे नीट ध्यानात घ्यावे.

हे अज्ञान हेरून त्याचा व्यापार करणारेही कमी नाहीत. परदेशी सुरक्षा दलात नोकरी असे आमिष दाखविले जाते आणि प्रत्यक्षात हाती येते ती एखाद्या इमारतीच्या दारावरील पहारेकऱ्याची नोकरी. ते काम कमी प्रतीचे नाही, पण ते पोलिसाचे काम नव्हे. त्याहूनही भयंकर प्रकार अलीकडे उघडकीस आले. रशियात मदतनिसाचे किंवा सुरक्षेचे काम देतो असे सांगून नेलेले काही भारतीय तरुण २०२३-२४ मध्ये युक्रेनच्या युद्धभूमीवर जाऊन पडले आणि त्यांपैकी काहींचे प्राणही गेले. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या दलालाची सरकारकडे नोंदणी असावी लागते. ती आहे की नाही, हे पैसे देण्यापूर्वी तपासून पाहणे अवघड नाही. शेती किंवा दागिने गहाण टाकण्याआधी एवढी चौकशी कुटुंबाने केलीच पाहिजे.

देशाचे नागरिकत्व न सोडता परदेशी पोलिसी सेवा करण्याचा मार्ग अजिबात नाही, असे मात्र नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय पोलिसांनी केलेले काम मोठे आहे. २००७ मध्ये लायबेरियात गेलेले भारतीय महिलांचे पथक हे संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातील महिलांचे पहिले पोलीस पथक होते. केंद्रीय राखीव पोलीस दलातील स्त्रियांच्या तुकड्या आळीपाळीने २०१६ पर्यंत तेथे राहिल्या. त्यांना पाहून तेथील मुली पोलीस दलाकडे वळल्या, हे त्या देशाच्या राष्ट्राध्यक्षांनीही मान्य केले. किरण बेदी २००३ पासून दोन वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या पोलीस सल्लागार होत्या. पण हा मार्ग देशातूनच जातो. येथे काही वर्षे सेवा केलेल्या पोलिसांनाच सरकार तेथे पाठविते. इंटरपोलविषयीचे तरुणांचे कुतूहलही येथेच निवळावे. त्या संस्थेजवळ अटक करणारी स्वतःची फौज नाही. निरनिराळ्या देशांच्या पोलिसांत दुवा साधण्याचे काम ती करते आणि तेथे काम करणारे पोलीस अधिकारी त्यांच्या त्यांच्या देशांनीच धाडलेले असतात.

या साऱ्याचा अर्थ तरुणांनी परदेशी जाऊच नये, असा नाही. ज्याला जावयाचे आहे त्याने शिक्षणासाठी, मान्य व्यवसायासाठी जावे, त्या देशाची भाषा आणि रीत आत्मसात करावी, आणि तो देश आपला वाटू लागला व त्या देशालाही तसेच वाटले, तर गणवेशाची इच्छा जरूर धरावी. मात्र येथल्या भरतीला कंटाळून शोधलेली पळवाट म्हणून या मार्गाकडे पाहू नये, कारण तो येथल्यापेक्षा लांबचा आहे. सरकारलाही यात आपली जबाबदारी टाळता येणार नाही. पोलीस भरती दर वर्षी, ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या जागांसाठी होईल एवढी साधी शाश्वती मिळाली, तर होम मैदानावर धावणाऱ्या मुलाला आपण कोठवर धावावयाचे हे तरी कळेल. केगाव येथे पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे आणि सोलापूरचे विद्यापीठही तेथेच आहे. भरतीत न बसलेल्या पदवीधरांना न्यायसहायक विज्ञान आणि संगणकीय गुन्ह्यांचा तपास यांसारख्या शाखांचे दार उघडून देणे या शेजारामुळे सोपे व्हावे. शंभरातील एकाला गणवेश मिळतो. उरलेल्या नव्याण्णवांचे काय, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळत नाही, म्हणूनच ते परदेशाच्या नकाशावर शोधले जात आहे.