विजेची मोटार व दूरचा प्रवास

सुटींत पुण्याहून कोल्हापुरास विजेच्या मोटारीनें जावें कीं नाहीं, हा प्रश्न आज अनेक घरीं पडतो. अंतर सुमारें २३० किलोमीटर. विक्रेता सांगतो तितका पल्ला रस्त्यावर सहसा मिळत नाहीं. अतिवेग व खंबाटकीची चढण अधिक वीज खातात. उतारावर तिचा कांहीं अंश बॅटरींत परततो, सर्व नव्हे. शिवाय शेंकडा ८० नंतर भरणी मंदावते. म्हणून वाटेंतील दोन चार्जिंग केंद्रें आधींच हेरावींत. एक बंद आढळल्यास दुसरें गांठण्यापुरती वीज राखावी, आणि खुशाल निघावें. रुग्णास तांतडीनें न्यावयाचें असल्यास मात्र हें धाडस नको. एरव्हीं, मित्रहो, थांब्यावरचा अर्धा तास आजोबांशीं बोलण्यांत गेला, तर तो वायां गेला असें कोण म्हणेल?