चांदी तोलणाऱ्या संग्राहकांस

नाणेसंग्रहाचा छंद आपल्या जुन्या घराण्यांत नवा नाही. त्यातही ज्या ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे नेपाळच्या राणा घराण्याशी सोयरसंबंध जुळले, त्या ग्वाल्हेरात नेपाळचे जुने नाणे एखाद्या संग्रही आढळले तर नवल वाटू नये. आपल्याकडे मोहर म्हटली की सोने आठवते. नेपाळची मोहर मात्र चांदीची, साधारण साडेपाच ग्रॅम वजनाची. ती हाती आली की आजचा संग्राहक प्रथम वजन विचारतो, मग भाव. तीवर लिहिले काय आहे, हे विचारण्याची गरज त्यास भासत नाही. या वृत्तीस आमचा स्पष्ट विरोध आहे.

एका विक्रेत्याने आम्हांस एक मोहर 'सन १७३८ ची, मल्ल राजांची' म्हणून दाखविली. अक्षरे स्वच्छ देवनागरी होती. नाव राजेंद्र विक्रम, आकडा १७३८. तो आकडा इसवी सन नव्हे, शक होय. पंचांग उघडणाऱ्या आपल्या घरांत हे सांगावे लागू नये. शाह राजांची चांदीची नाणी विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत शकातच कालनिर्देश करीत. १७३८ मध्ये ७८ मिळविले की १८१६ येते, म्हणजे राजेंद्रांच्या राज्यारोहणाचे वर्ष. मल्लांचे काठमांडू तर पृथ्वीनारायण शाह यांनी १७६८ मध्येच जिंकले होते. शिवाय मल्ल नाण्यांवर ८७९ पासून सुरू झालेला नेपाळ संवत असे. त्यांवरील आकडा तीन अंकी. एवढे ठाऊक असते तर फसगत होण्याचे कारणच उरत नाही. त्याच मोहरेच्या मागील बाजूस मध्ये श्रीभवानी आणि भोवतीच्या आठ पाकळ्यांत गोरखनाथांचे नाव असते. भवानीचे नाव वाचण्यास मराठी माणसाला दुभाष्या लागावा काय?

कोणी म्हणेल, पैसा आमचा, छंद आमचा, वाचले नाही तर बिघडले काय? त्यांनी या नाण्यांचीच कथा ऐकावी. तिबेट आपली चांदी नेपाळात पाठवी आणि मल्लांच्या टांकसाळी तिची नाणी पाडून देत. अठराव्या शतकात त्या चांदीत हीण मिसळू लागले. पुढे शाह राजांनी चोख नाणी पाडली, तेव्हा जुन्या हिणकस नाण्यांशी त्यांचा विनिमय कोणत्या दराने व्हावा यावर तंटा माजला. १७८८ ते १७९२ च्या नेपाळ-तिबेट युद्धाच्या कारणांत हा तंटा होता. हा सारा इतिहास नाण्याच्या लेखात, वर्षात आणि कसात साठलेला आहे. चिंच लावून घासलेल्या, कडी डकवून गळ्यात घातलेल्या मोहरेतून तो पुसला जातो, आणि आटविलेल्या मोहरेतून कायमचा जातो.

शासकीय कोषागारात हयात गेलेल्या आम्हांस एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. नोंदीवाचून जमा झालेली रक्कम कोणत्याच खात्याची नसते. कोठून आले, केव्हा आले, कोणाकडून आले याची टिपण नसलेले नाणेही तसेच निराधार. नेपाळात १९५६ च्या आणि भारतात १९७२ च्या कायद्याने पुरातन वस्तू मनास येईल तशी देशाबाहेर नेण्यास बंदी आहे. सेवानिवृत्तांच्या मंडळींतही हे कायदे हसण्यावारी नेले जातात, याचा आम्हांस खेद होतो.

२००८ मध्ये नेपाळचे राजपद संपले. शाह राजांच्या नावाची नवी मोहर आता पडावयाची नाही. आहेत तेवढ्याच राहतील. म्हणून आमची मागणी मोठी नाही. प्रत्येक नाण्याबरोबर एक चिठ्ठी ठेवा. तीवर लेख, वर्ष, वजन आणि प्राप्तीचा तपशील लिहा. नाणे घासू नका. आणि पुढील पिढीत कोणास गोडी नसेल, तर संग्रह चिठ्ठ्यांसह एखाद्या संग्रहालयाच्या स्वाधीन करा. एवढेही होत नसेल, तर संग्राहक हे नाव टाकून सराफ म्हणवून घ्यावे. सराफ निदान चांदीचा कस तरी पाहतो.